बजेट गेमिंग पीसीसाठी प्रोसेसर कसा निवडायचा: मॉनिटरपासून बिलापर्यंत

पन्नास-साठ हजारांत गेमिंग पीसी जुळवायचाय, "आय५ (इंटेलचा प्रोसेसर) घेऊ की रायझन (एएमडीचा)?" असं कोणी विचारलं की मी आधी दोन उलट प्रश्न विचारतो. मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो? आणि रोज खेळायचे गेम कोणते? या दोन उत्तरांत निम्मी निवड होऊन जाते. उरलेली निम्मी मदरबोर्ड आणि रॅमच्या हिशेबात होते. कंपनीचं नाव त्यानंतर.

ज्या क्रमाने निर्णय घ्यायला हवेत, त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे. रुपयांचे आकडे मुद्दाम टाळले आहेत. सुट्या भागांचे भाव दर आठवड्याला हलतात, आणि मागच्या महिन्याचा भाव धरून केलेलं बजेट दुकानात पाऊल टाकताच कोसळतं. त्यापेक्षा तुलना कशी करायची हे कळलं तर ते कधीही उपयोगी पडेल.

पायरी १: मॉनिटर आणि गेम कागदावर लिहा

गेममधली प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून तयार करतात. समोरचा खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली, कोणती गाडी कुठल्या गल्लीत वळली, सर्व्हरकडून काय माहिती आली, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय काढायचं याची यादी कार्डाकडे देतो. कार्ड ते चित्र रंगवतं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर या सगळ्याला एका फ्रेममागे साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झवर मिळतात ६.९.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. तुम्ही रिझोल्यूशन कमी केलं, ग्राफिक्स 'लो'वर आणलं, तर कार्डाचं काम हलकं होतं. प्रोसेसरचं मात्र फारसं होत नाही, कारण मैदानात खेळाडू तेवढेच असतात आणि गोळ्याही तेवढ्याच सुटतात. म्हणजे एफपीएस (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम) जास्तीत जास्त कुठवर जाईल हे प्रोसेसर ठरवतो, आणि तिथपर्यंत चित्र किती देखणं ठेवून पोचता येईल हे कार्ड ठरवतं. प्रोसेसर एखाद्या गेममध्ये ९० एफपीएसपर्यंतच पोचत असेल, तर त्याला कितीही महाग कार्ड जोडा, ९० च्या वर फारसं काही मिळणार नाही. अपवाद आहेत: गर्दीची घनता, दूरवरचं किती दिसावं, आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा बारीक हिशेब) या सेटिंग्ज प्रोसेसरवरही बोजा टाकतात. फ्रेम अडखळत असतील तर पहिल्यांदा याच तीन खाली आणून बघा.

यावरून खेळणाऱ्यांचे ढोबळ दोन गट पडतात.

पहिला गट ६० किंवा ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर सायबरपंक २०७७, जीटीए ५ असे कथेचे गेम खेळणाऱ्यांचा. यांनी पुरेसा प्रोसेसर घ्यावा आणि वाचलेला प्रत्येक रुपया कार्डात घालावा. दुसरा गट १४४ किंवा १६५ हर्ट्झवर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांचा. हे गेम कार्डाला जड नाहीत. त्यांचा भार प्रोसेसरवर येतो. यांनी कार्ड एक पायरी खाली घेतलं तरी चालेल, पण प्रोसेसरवर काटकसर केली तर ती रोज जाणवते. चकमकीच्या ऐन क्षणी फ्रेम पडतात ते बहुतेक वेळा याच कारणाने.

मॉनिटर अजून घ्यायचा असेल तर त्याचं बजेट आताच बाजूला काढा. ६० हर्ट्झच्या पडद्यामागे २०० एफपीएसचा पीसी उभा करण्यात पैसे वाया जातात.

पायरी २: प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा

"आय७, १६ जीबी रॅम, गेमिंग पीसी" अशा जाहिराती ऑनलाइन बाजारात आणि दुकानांच्या स्टेटसवर ढिगाने दिसतात. किंमत इतकी कमी की बजेटवाल्या माणसाचं बोट तिथेच थांबतं. अशा जाहिरातीत आय७च्या पुढचा आकडा दिलेला नसेल तर तो विचारा. बऱ्याचदा तो ३७७० असतो, म्हणजे २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर. कधी २६००, म्हणजे २०११चा. कधी ४७९०, म्हणजे २०१४चा.

आय७-३७७० मध्ये ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामं) आहेत. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१००एफ मध्येही ४ कोअर आणि ८ थ्रेडच आहेत. तरीही आय३ त्याला खूप मागे टाकतो, कारण मधल्या दहा वर्षांत एकेका कोअरची एका ठोक्यात काम उरकण्याची ताकद खूप वाढली. आय३, आय५, आय७ ही उतरंड फक्त एकाच पिढीच्या आत खरी असते. पिढी बदलली की तिला अर्थ उरत नाही.

जुन्या आय७ची अडचण नुसत्या वेगाची नाही. तिसऱ्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच नाही, आणि तो लागणारे काही नवे गेम त्यावर सुरूच होत नाहीत. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून पुढे चालतं. विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या पीसीतल्या दोन्ही सुरक्षा-सोयी लागतात. २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६लाही सिक्युअर बूट लागतं. काहीतरी खटपट करून विंडोज बसवता येईल, पण गेमचं अँटी-चीट (फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) अडून बसलं की ज्यासाठी पीसी घेतला तेच होत नाही.

असाच दुसरा मोह म्हणजे एक्स९९ नावाचे चिनी बोर्ड आणि सर्व्हरमधून निघालेले इंटेलचे झिऑन प्रोसेसर. ई५-२६८० व्ही४ मध्ये १४ कोअर आणि २८ थ्रेड आहेत, आणि तो मिळतोही स्वस्त. पण तो २०१६चा आहे, आणि त्याचा एखादा कोअर फार तर ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. व्हिडिओ रेंडर करायला ठीक. गेमला मात्र मोजके पण चपळ कोअर लागतात.

आता नावाच्या शेवटची अक्षरं. इंटेलमध्ये 'एफ' म्हणजे आतला ग्राफिक्स भाग बंद: कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच येणार नाही. 'के' म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येणारा. बजेटमध्ये त्याची गरज नाही, कारण त्याला बोर्डही महाग लागतो आणि कूलरही. एएमडीमध्ये 'जी' म्हणजे आत खेळण्याजोगं ग्राफिक्स आहे, 'एक्स' म्हणजे थोडा जास्त क्लॉक (वेग), आणि 'एक्स३डी' म्हणजे जादा कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचा, थर.

पायरी ३: कोअर बघा, पण कॅशेही बघा

आज नवा प्रोसेसर घेताना ६ कोअर आणि १२ थ्रेड ही माझी खालची रेघ आहे. ४ कोअरवर सरासरी एफपीएस बरे दिसतात, पण नव्या मोठ्या गेममध्ये शहरात वेगाने गाडी पळवली, किंवा मागे डिस्कॉर्ड आणि ब्राउझर चालू ठेवला, की फ्रेम मध्येच अडकतात. चाचण्यांच्या व्हिडिओत '१ टक्का लो' नावाचा आकडा दाखवतात, तो याचसाठी. तो सगळ्यात संथ फ्रेमचं माप देतो. सरासरी १०० आणि लो ४० असलेल्या पीसीपेक्षा सरासरी ८५ आणि लो ६५ असलेला पीसी हाताला जास्त गुळगुळीत लागतो. तुलना करताना मी पहिल्यांदा हाच आकडा बघतो.

कोअरची संख्या सारखी असली तरी दोन प्रोसेसर सारखे नसतात, आणि बजेटमध्ये लोक सर्वाधिक इथेच फसतात. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने रायझन ५ ४५००, ५५०० आणि ५६०० एकदमच बाजारात आणले. तिघांतही ६ कोअर, १२ थ्रेड. पण ४५०० आधीच्या, झेन २ पिढीच्या कोअरवर बनलेला आहे आणि त्यात एल३ कॅशे फक्त ८ एमबी आहे. ५५०० मध्ये झेन ३ कोअर आहेत आणि १६ एमबी. ५६०० मध्ये झेन ३ आणि ३२ एमबी. गेममध्ये ४५०० हा ४ कोअरच्या आय३-१२१००एफच्याही मागे पडतो.

कॅशेचा एवढा फरक का पडतो? गेमला लागणारी माहिती ठरावीक क्रमाने येत नाही. कधी कशाची गरज पडेल सांगता येत नाही. ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यात मोहरी असेल तर फोडणी लगेच पडते, माळ्यावरून उतरवायची असेल तर तेल जळून जातं. कॅशे म्हणजे तो ओट्यावरचा डबा, आणि रॅम म्हणजे माळा. डबा मोठा असला की माळ्यावर कमी वेळा चढावं लागतं. रायझन ७ ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी यांच्या ९६ एमबी कॅशेची इतकी ख्याती झाली ती यामुळेच. ते आता नवे सहज मिळत नाहीत, पण हे लक्षात ठेवा, पुढे अपग्रेडच्या वेळी कामाला येईल.

एक सावधगिरी: कॅशेची तुलना एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या आत करा. आय५-१२४००एफ मध्ये १८ एमबी आहे आणि रायझन ५६०० मध्ये ३२, तरी गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीने चालतात. रचनाच वेगळी आहे.

पायरी ४: प्रोसेसर एकटा घेऊ नका, जोडी घ्या

प्रोसेसरचा भाव एकटा बघून काही कळत नाही. त्याच्याबरोबर विशिष्ट सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा) बोर्ड आणि विशिष्ट प्रकारची रॅम येते. एकाच दिवशी, एकाच दुकानातून तीन कोटेशन घ्या:

- आय५-१२४००एफ, एच६१० किंवा बी७६० बोर्ड (डीडीआर४ लागणारा), ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम
- रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम
- रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००, ए६२० किंवा बी६५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम

तिन्हींत ६ कोअर, १२ थ्रेड. तिसरी जोडी सगळ्यात वेगवान आहे आणि तिलाच पुढचं भविष्य आहे. तिचं एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्याला २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर मिळतील असं एएमडीने जाहीर केलं आहे. आधीच्या एएम४चा (दुसऱ्या जोडीच्या सॉकेटचा) अनुभव बघता हे आश्वासन वजनदार आहे: २०१७ मध्ये पहिला रायझन बसवलेल्या अनेक बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी चालला. बोर्ड तोच, रॅम तीच, आणि पीसी पुन्हा पाच वर्षं तरुण.

पहिल्या दोन जोड्या मात्र त्यांच्या सॉकेटच्या शेवटाकडे आहेत. पहिल्या जोडीच्या एलजीए १७०० सॉकेटवर इंटेलची १२वी, १३वी आणि १४वी पिढी आली. ऑक्टोबर २०२४ पासून इंटेल एलजीए १८५१ कडे गेली, आणि त्याचे प्रोसेसर जुन्या बोर्डात बसत नाहीत. तरी त्यांना कमी लेखू नका. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव भडकले. घरात जुन्या पीसीची १६ जीबी डीडीआर४ रॅम पडून असेल, तर पहिल्या दोन जोड्यांपैकी एक निवडून तुम्ही बजेटचा मोठा तुकडा वाचवता.

निर्णयाचा माझा नियम सोपा आहे. तिसऱ्या आणि स्वस्त जोडीच्या भावातला फरक काढा. तेवढ्या पैशांत ग्राफिक्स कार्ड वरच्या दर्जाचं मिळत असेल, आणि तुम्ही पहिल्या गटातले असाल, तर डीडीआर४ची जोडी घ्या आणि कार्ड वाढवा. फरक तेवढा नसेल, किंवा तुम्ही १४४ हर्ट्झवाले असाल, तर एएम५ घ्या. साधारणपणे मॉनिटर सोडून उरलेल्या बजेटपैकी ३५ ते ४० टक्के कार्डाला आणि १५ ते २० टक्के प्रोसेसरला गेले की पीसी समतोल होतो. दुसऱ्या गटाने प्रोसेसरकडे थोडं झुकतं माप द्यावं.

इंटेलच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ बोर्डांची नावं फसवी असतात. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्या असतात, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. खोक्यावर वाचून घ्या.

बोर्डावर किती खर्च करावा? १२४००एफसाठी साधा एच६१० पुरतो. त्याला बहुधा रॅमचे दोनच स्लॉट असतात, म्हणून सुरुवातीलाच दोन्ही नीट भरा. आज एकच ८ जीबी आणि पुढे बघू, हा बेत सोडा. एका रॅमवर प्रोसेसर सिंगल चॅनलमध्ये (रॅमशी एकाच वाटेने बोलत) चालतो आणि गेममध्ये ते ठळक दिसतं.

पायरी ५: कार्डाचा रस्ता अरुंद तर नाही ना?

याबद्दल दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून वाचा. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात पीसीआयई नावाचा रस्ता असतो. त्याच्या लेन किती आणि आवृत्ती कोणती, यावर त्याची रुंदी ठरते. मोठ्या कार्डांना १६ लेन असतात, पण बजेट कार्डांत कंपन्या लेन कापतात. आरटीएक्स ३०५०, आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० यांना ८ लेन आहेत. आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त ४.

आता रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे दोघं पीसीआयई ३.० वर चालतात, म्हणजे प्रत्येक लेनची रुंदी ४.० च्या निम्मी. बोर्ड बी५५० असला तरी प्रोसेसरच ३.०चा आहे. ए५२० आणि बी४५० बोर्डांवर तर ५६०० टाकूनही कार्डाचा रस्ता ३.०च राहतो. ६५०० एक्सटीसारखं ४ लेन आणि ४ जीबी मेमरीचं कार्ड अशा जोडीत बसवलं की मेमरी भरताच फ्रेम कोसळतात. ८ लेनच्या कार्डांना हा त्रास कमी होतो, पण व्हीरॅम (कार्डाची मेमरी) भरल्यावर तिथेही दिसतो. उलट स्वस्तातल्या एच६१० बोर्डावर १२व्या पिढीचा प्रोसेसर कार्डाला ४.०च्या पूर्ण १६ लेन देतो. इथे इंटेलची बाजू वरचढ आहे.

एएम५वरही अशी एक खाच आहे. रायझन ५ ८५००जी वेगळ्या कार्डासाठी फक्त ४ लेन सोडतो. ८४००एफ आणि ८६००जी ८ सोडतात, पण त्यांची एल३ कॅशे १६ एमबी आहे. ७५००एफ मध्ये १६ लेन आणि ३२ एमबी, दोन्ही मिळतं. ८४००एफचा आकडा मोठा दिसतो म्हणून तो ७५००एफच्या वरचा समजू नका.

इंटेलचं आर्क बी५८० कार्ड घ्यायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या या कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरवर बराच भार टाकतो, असं पुढच्याच महिन्यात चाचण्यांत दिसून आलं. रायझन ५६००सारख्या प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये त्याची कामगिरी स्पष्ट घसरली. ते कार्ड ७५००एफ किंवा त्याच्या वरच्या प्रोसेसरला जोडावं, आणि बायोसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असायलाच हवा.

कार्डाला आता पैसेच नसतील तर

मग 'जी' प्रोसेसर. रायझन ५ ५६००जी वर १०८० पिक्सेलमध्ये व्हॅलोरंट आणि जीटीए ५ कमी सेटिंगवर व्यवस्थित खेळता येतात. ८६००जीचं आतलं ग्राफिक्स त्याहून बरंच पुढे आहे, पण त्याला डीडीआर५ लागते. दोघांनाही रॅम जोडीनेच द्या, कारण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते; ते रॅममधूनच उचलतं आणि रॅमच्या वेगावर जगतं.

सहा महिन्यांत कार्ड नक्की येणार असेल तर मात्र माझा सल्ला वेगळा आहे: 'जी'वर पैसे घालू नका. ७६०० घ्या. त्यात पडद्यावर चित्र येण्यापुरतं ग्राफिक्स आहे, अभ्यास आणि ऑफिसचं काम होतं, आणि कार्ड आल्यावर प्रोसेसर कमी पडत नाही. दुसरा फायदा असा की उद्या कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं तरी पीसी बंद पडत नाही. इंटेलमध्ये हाच विचार करून १२४००एफऐवजी १२४०० घेता येतो. स्ट्रीमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओ झटपट तयार करणारा भाग) फार उपयोगी पडतं.

माझी निवड

अगदी तळाचं बजेट, नवा माल, ६० हर्ट्झ: आय३-१२१००एफ आणि एच६१०. ४ कोअर माझ्या रेघेखाली आहेत हे खरं, पण बोर्ड तोच ठेवून पुढे आय५ टाकता येतो, आणि ४५००पेक्षा हा केव्हाही बरा. मधलं बजेट: १२४००एफ किंवा ५६००, त्या दिवशी बोर्डासकट जे स्वस्त मिळेल ते. यात कंपनीचा अभिमान आणू नका, दोन्ही उत्तम आहेत. बजेट ताणता येत असेल आणि १४४ हर्ट्झ असेल: ७५००एफ. आय५-१३४००एफ आणि १४४००एफ मध्ये ६ मोठे आणि ४ छोटे कोअर आहेत. गेमबरोबर रेकॉर्डिंग किंवा स्ट्रीमिंगही करणार असाल तर ते घ्या, नुसत्या गेमसाठी १२४००एफपासून फार मोठी उडी नाही.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या 'बिघाडा'बद्दल ऐकून घाबरलेले बरेच जण भेटतात. तो दोष त्या पिढ्यांच्या वरच्या, जास्त वीज खाणाऱ्या प्रोसेसरमध्ये होता. इंटेलने २०२४ मध्ये बायोसमार्गे दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२व्या पिढीत तो नाही. सेकंडहँड आय७ किंवा आय९ घेताना मात्र जरूर सावध राहा.

सेकंडहँड घेताना

बजेटवाल्याने सेकंडहँडमध्ये सगळ्यात निर्धास्तपणे घ्यावा असा भाग म्हणजे प्रोसेसर. त्यात फिरणारं काही नसतं आणि तो क्वचितच मरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहराच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये गेलात तर फोनचा टॉर्च लावूनच बघा.

एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाला असतात. तो डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा आणि पिनांच्या रांगांमधून पलीकडे बघा. रांगा सरळ असतील तर उजेडाच्या फटी सारख्या दिसतात. एक जरी पिन वाकलेली असेल तर त्या ओळीतली फट तिथे तुटते. मग प्रोसेसर फिरवून दुसऱ्या दिशेने तेच. कोपऱ्यातल्या पिना नीट बघा, पडझड आधी तिथे होते. इंटेलच्या एलजीए १७०० आणि एएमडीच्या एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात, म्हणून तिथे बोर्ड तपासायचा. सॉकेटावर टॉर्च तिरका धरला की सगळ्या पिना एकसारख्या चमकतात. एखादा ठिपका वेगळ्या कोनात चमकला तर तो बोर्ड परत द्या.

पीसी चालू करून सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि कॅशे जुळते का बघा, आणि दहा मिनिटं सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी चालवा. विकणारा "वेळ नाही" म्हणाला तर तुम्हालाही वेळ नाही.

एएम४वरून कूलर काढायची वेळ आली तर आधी पीसी थोडा वेळ चालवून प्रोसेसर कोमट करा, मग बंद करून कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात.

दुकानात

नवा प्रोसेसर खोक्यातला आहे की ट्रेचा, हे आधी विचारा. खोक्यातल्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेचा माल सुटा येतो. त्याची वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच, आणि बहुतेकदा कूलरही नसतो. ट्रेचा भाव कमी दिसला तर त्यात कूलरची किंमत मिळवून मग तुलना करा. बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर प्रोसेसरचा सीरियल नंबर लिहून घ्या. खोकं आणि बिल दोन्हीचे फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.

बोर्डाच्या बायोसबद्दलही विचारा. जुन्या साठ्यातला बी४५० ५६००ला, किंवा बी६६० १४व्या पिढीला, अपडेट केल्याशिवाय ओळखणार नाही. दुकानातूनच अपडेट करून घ्या.

५६०० आणि १२४००एफच्या खोक्यात कूलर येतो. साध्या वापरात तो पुरतो. पण नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५च्या आसपास असताना, एसी नसलेल्या खोलीत तो पंखा पूर्ण वेगाने ओरडत राहतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा साधा टॉवर कूलर आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट बजेटमध्ये धरावं. समोर काच असलेली कॅबिनेटं दिसायला छान, पण हवेला वाट नाही.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी

एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची वायर ग्राफिक्स कार्डात लावा, बोर्डाच्या पोर्टात नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, किंवा एएम५वर एक्सपो, चालू करा. नाहीतर ३२००ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २६६६वर आणि ६०००ची डीडीआर५ ४८००वर चालत राहते, आणि तुम्ही पैसे मोजलेला वेग तसाच पडून राहतो. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर १४४वर करा. तो स्वतःहून बऱ्याचदा ६०वरच सुरू होतो.

यानंतर एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर टाकून पडद्याच्या कोपऱ्यात चार गोष्टी दिसतील असं करा: कार्डाचा वापर, प्रत्येक थ्रेडचा वापर, तापमान आणि एफपीएस. अर्धा तास नेहमीचा गेम खेळा. कार्ड ९५ ते ९९ टक्के चालत असेल तर प्रोसेसर आपलं काम चोख करतोय. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, एफपीएसला कुठलीही मर्यादा घातलेली नसेल, आणि एखादा थ्रेड सतत ९० टक्क्यांच्या वर असेल, तर अडकाव प्रोसेसरचा आहे. टास्क मॅनेजरमधला एकूण टक्का इथे दिशाभूल करतो. १२ थ्रेडपैकी एकच पूर्ण भरला तर तो एकूण फक्त ८ टक्के मोजला जातो, आणि गेमचं मुख्य काम अनेकदा त्या एकाच थ्रेडवर अडलेलं असतं.

अडकाव प्रोसेसरचा निघाला तर लगेच नवा घ्यायला धावू नका. गर्दीची घनता कमी करा, मागचे ब्राउझर बंद करा, रॅमचा वेग पुन्हा तपासा. कथेच्या गेममध्ये एफपीएस ६० किंवा ७२ला बांधून टाका. सरासरी उतरते, पण अडखळणं जातं. अडकाव कार्डाचा असेल तर रिझोल्यूशन कमी करून किंवा अपस्केलिंगने (लहान चित्र काढून ते मोठं करणाऱ्या सेटिंगने) सुटतो. आणि तापमान ९०च्या घरात जात असेल तर कूलर काढून बघा: खालची पारदर्शक फिल्म न काढताच बसवलेले कूलर दुकानात जुळवलेल्या पीसींतही सापडतात.